ऑल्टो ८००, गगनबावडा रस्ता आणि घरच्या घरी करण्याजोग्या सुधारणा

फुलेवाडी ते कळे यांचा प्रश्न

नमस्कार. मी कोल्हापुरात फुलेवाडीला राहते आणि गगनबावडा रस्त्यावर कळ्याच्या पुढे असलेल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. जाऊन-येऊन रोज साठेक किलोमीटर होतात आणि हा प्रवास गेली चार वर्षे मी २०१४ सालच्या ऑल्टो ८०० गाडीने करते आहे. ओळखीतून सेकंडहँड घेतली तेव्हा गाडी ४१,००० किलोमीटर चाललेली होती. आज मीटर ९४,०००च्या पुढे गेला आहे. या काळात ती वाटेत एकदाच बंद पडली, आणि तेही बॅटरीचे आयुष्य संपले होते म्हणून. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन असल्यामुळे चढावर एसी चालू ठेवून ओव्हरटेक करायला जाऊ नये, हे मी पहिल्या महिन्यातच शिकले. मात्र पन्नास-साठच्या वेगाने चालवली तर लिटरला वीस किलोमीटर अजूनही मिळतात, आणि महाद्वार रोडच्या आसपासच्या गल्ल्यांमधून ती जशी वळते तशी आमच्या शेजाऱ्यांची मोठी गाडी वळत नाही. त्यामुळे गाडी बदलण्याचा माझा विचार नाही. तिलाच आणखी पाच-सात वर्षे नीट वापरायचे आहे.

माझी मुख्य अडचण पुढच्या दिव्यांची आहे. गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळी परतताना रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. अनेक ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर असलाच तर तो चिखलाने झाकलेला असतो. माझ्या गाडीच्या लो बीममध्ये, म्हणजे खाली वळवलेल्या झोतात, अशी ट्रॉली इतकी जवळ आल्यावर दिसते की छातीत धस्स होते. मागच्या वर्षी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी पांढरे एलईडी बल्ब बसवून घेतले. आठवडाभर समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक चालक मला डिपर मारत होता, आणि पावसात तर रस्ता आधीपेक्षाही कमी दिसू लागला. म्हणून ते काढून मूळचे हॅलोजन परत लावले. त्या वेळी उजव्या बल्बचा होल्डर तपकिरी पडून ठिसूळ झालेला दिसला. आधीच्या मालकांनी काही काळ १००/९० वॅटचे (हाय बीमला १००, लो बीमला ९०) बल्ब वापरले होते, हे नंतर चौकशी केल्यावर समजले.

दुसरी अडचण आवाजाची आहे. पावसात छताचा आणि खडीच्या रस्त्यावर दारांचा आवाज इतका होतो की शेजारी बसलेल्या सहकारी शिक्षिकेशी मोठ्याने बोलावे लागते. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला गंजाचे फोडही आले आहेत. टायर या वर्षी बदलायचे आहेत, तेव्हा १२ इंचांऐवजी १३ इंचांचे घ्यावेत का, हाही प्रश्न आहे.

एअर फिल्टर, वायपर, फ्यूज आणि बॅटरी बदलणे ही कामे मी स्वतः करते. माझ्याकडे पान्यांचा संच आणि मल्टिमीटर आहे, शिकण्याची तयारीही आहे. साधारण दहा हजार रुपये खर्च करता येतील. कोणते काम आधी घ्यावे आणि कोणत्या कामाला घरी हात लावू नये, हे अनुभवी सदस्यांनी सांगावे ही विनंती.

निवृत्त वायरमन यांचे उत्तर

ताई, आपल्याकडे मल्टिमीटर आहे हे वाचून बरे वाटले, कारण दिव्यांच्या बाबतीत बहुतेक लोक बल्ब बदलत राहतात आणि बल्बपर्यंत वीज किती पोहोचते हे कोणीच मोजत नाही. मी तीस वर्षे शिरोली एमआयडीसीत यंत्रांचे वायरिंग केले आहे आणि निवृत्तीनंतर नात्यागोत्यातल्या बऱ्याच लहान गाड्यांचे दिवे घरच्या अंगणात दुरुस्त केले आहेत. आपली पहिली पायरी पूर्णपणे बिनखर्चाची आहे.

इंजिन चालू ठेवून, लो बीम लावून बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. ते साधारण १४च्या आसपास मिळेल. मग बल्ब पेटलेला असतानाच त्याच्या कनेक्टरच्या मागच्या बाजूने मोजा. कनेक्टर काढून मोजल्यास प्रवाहच वाहत नाही, त्यामुळे आकडा फसवा चांगला येतो. ही चूक फार जण करतात. दोन्ही आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर प्रकाश वाटेतच गळतो आहे असे समजा. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा आहे की व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे दीड व्होल्ट हरवले तर एक तृतीयांश उजेड गेला, आणि तो महागडा बल्ब लावून परत येत नाही.

एवढे व्होल्टेज जाते कुठे, हेही पाहायला हवे. लो बीमला दोन बल्बांचे ५५-५५, मिळून ११० वॅट, म्हणजे नऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. वाटेतल्या प्रत्येक जोडात, स्विचच्या प्रत्येक झिजलेल्या संपर्कात आणि बॉडीला जोडलेल्या अर्थच्या, म्हणजे विजेच्या परतीच्या वाटेच्या, प्रत्येक गंजलेल्या बोल्टवर त्यातला थोडा थोडा हिस्सा उष्णतेत जातो. आपल्याकडचा पाऊस पाहता दहा-अकरा वर्षांच्या कोणत्याही गाडीत हे होणारच. त्यात आधीच्या मालकांनी १०० वॅटचे बल्ब लावले होते, म्हणजे दीडपटीहून अधिक प्रवाह त्याच वायरींतून गेला. होल्डर तपकिरी पडला तो त्यामुळेच. असे बल्ब नियमातही बसत नाहीत आणि रिफ्लेक्टरची चकाकीही उष्णतेने घालवतात. कृपा करून ते पुन्हा लावू नका.

म्हणून आधी अर्थचे जोड उघडा, सँडपेपरने पत्रा चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. होल्डर मात्र बदलाच. चिनीमातीचा, म्हणजे सिरॅमिकचा एच४ होल्डर शे-दीडशे रुपयांत मिळतो. मग पुन्हा मोजा. फरक तरीही राहिला तर रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बसवा. रिलेमुळे बल्बचा जड प्रवाह बॅटरीकडून थेट आणि आखूड वाटेने जातो, आणि आतल्या स्विचला फक्त रिलेची कॉइल चालवण्याइतका, म्हणजे अगदी किरकोळ प्रवाह सांभाळावा लागतो. लो बीमसाठी एक आणि हाय बीमसाठी एक असे ३० अँपिअरचे दोन रिले, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि दोन्ही वाटांना १५-१५ अँपिअरचे फ्यूज घ्या. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरातच असला पाहिजे. वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरी ते फ्यूज हा भाग कोणीच वाचवू शकत नाही, आणि आगी तिथेच लागतात.

तयार रिले किट बाजारात मिळते आणि ते वाईट नसते. पण विकत घेण्यापूर्वी कनेक्टरची तीन टोके तपासा. काही गाड्यांत स्विच धन बाजू तोडतो, तर काहींत अर्थची बाजू. किट एका पद्धतीचे आणि गाडी दुसऱ्या पद्धतीची असली तर दिवे चालत नाहीत किंवा लो आणि हाय एकत्र पेटतात. दिवे बंद असताना आणि चालू असताना तिन्ही टोकांवरचे आकडे वहीत लिहून घ्या. ते इथे टाकले तर जोडणी कशी करायची ते मी सांगेन.

एलईडीबद्दल आपला अनुभव अगदी बरोबर आहे. हॅलोजनची तार जिथे असते तिथून निघणाऱ्या प्रकाशासाठी तो रिफ्लेक्टर घडवलेला असतो. एलईडीचे तुकडे आकाराने आणि जागेने वेगळे असल्यामुळे झोताची कड विस्कटते, उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि रस्त्यावर पोहोचत नाही. ६०/५५ वॅटचाच चांगल्या प्रतीचा बल्ब घ्या आणि बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापल्यावर काच त्या ठिकाणी कमजोर होते.

पत्राकाम, उद्यमनगर यांचे उत्तर

काकांनी दिव्यांचे सांगितलेच आहे, पण बाहेरच्या प्लास्टिकच्या काचेकडेही पाहा, मॅडम. उन्हाने ती पिवळी आणि धुरकट होते. ८००, १५०० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर या क्रमाने, भरपूर पाणी वापरून मारायचा, पॉलिश करायचे आणि शेवटी अतिनील किरणांपासून बचाव करणारा क्लिअर कोट द्यायचा. हा कोट दिला नाही तर काच पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा पिवळी पडते.

आता दार. माझे शिवाजी उद्यमनगरात पत्राकामाचे लहान वर्कशॉप आहे आणि दाराच्या खालच्या कडेला आलेला गंज मी दर पावसाळ्यानंतर पाहतो. बाहेरून फोड दिसतात तेव्हा गंज आतून आलेला असतो. खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी दारात उतरते हे ठरलेलेच आहे; ते बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाला भोके ठेवलेली असतात. धूळ, झाडाचा पाला आणि तांबडी माती साचून ती भोके बुजतात आणि दार आतून तळ्यासारखे भरून राहते. गाडी सुरू करून थांबवताना दारात पाण्याचा डबडब आवाज येतो का, ते ऐका. भोके प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा, लोखंडी तार वापरू नका, कारण तिने आतला रंग खरवडला जातो.

गंज अजून आरपार गेला नसेल तर हे काम घरी होते. फोड खरवडून उघडा पत्रा दिसेपर्यंत घासा, फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक लावून बाटलीवर लिहिलेला वेळ थांबा, मग प्रायमर, रंग आणि लॅकर द्या. फोडावर थेट रंग मारणे म्हणजे ओल्या जखमेवर पट्टी बांधण्यासारखे आहे. स्क्रू ड्रायव्हरने दाबल्यावर पत्रा आत गेला तर मात्र वेल्डिंग लागेल, ते घरी करू नका.

दाराचे आतले पॅनेल उघडणारच असाल तर आवाजाचे कामही त्याच दिवशी उरकून घ्या. अॅल्युमिनियमचा थर असलेली दोन मिलिमीटरची ब्युटाइल (चिकट रबरी) शीट घ्या. अनेक जण संपूर्ण दार मढवून टाकतात, त्याची गरज नसते. या शीटचे काम आवाज अडवणे हे नसून पत्र्याची थरथर मारणे हे आहे, आणि त्यासाठी मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर चौथा-तिसरा हिस्सा झाकला तरी पुरते. पत्र्यावर बोटाने टिचकी मारून पाहा. जिथे डब्यासारखा घणघणाट येतो तिथे शीट हवी. जिथे ठक् असा बसका आवाज येतो तिथे ती वाया जाते. छतालाही हाच नियम लागू आहे, पण छताचे आतले कापड उतरवणे नाजूक काम आहे, म्हणून दारांवर हात बसल्यावरच तिकडे वळा. स्वस्त म्हणून छपराच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी शीट कोणी सुचवली तर घेऊ नका. मे महिन्यात ती मऊ होऊन ओघळते आणि गाडीत वास कायमचा बसतो. चिकटवण्यापूर्वी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, निचऱ्याची भोके आणि काच खाली उतरते ती वाट मोकळी ठेवा, आणि पॅनेलच्या मागे असलेला प्लास्टिकचा पातळ कागद पुन्हा नीट चिकटवा. तो फाडून फेकला की पाणी थेट आपल्या पायांशी येते.

एक गोष्ट वेगळी विचारतो. ही गाडी २०१९ किंवा २०२१च्या महापुरात पाण्यात होती का, याची खात्री केली होती का? पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फूट आहे आणि त्या दोन्ही वर्षी पाणी तिच्या खूप वर गेले होते. त्यानंतर पुरातल्या कित्येक गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, टोकाकडे चिखलाची रेघ राहिलेली असते. सीट ज्या पट्ट्यांवर सरकतात त्यांच्या खालचे बोल्ट आणि स्टेपनीची खोबणही पाहा. तिथे बारीक गाळ सापडला तर वायरिंगच्या प्रत्येक जोडाकडे संशयाने पाहावे लागेल, आणि काकांनी सांगितलेले मोजमाप आणखी महत्त्वाचे ठरेल.

शाहूपुरी ०९ यांचे उत्तर

मी विम्याच्या दाव्यांशी संबंधित काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. वर सुचवलेली कामे, म्हणजे त्याच वॅटचे बल्ब, रिले आणि आतली शीट, या चौकटीबाहेर जात नाहीत. पुढे लोखंडी गार्ड लावण्याचा मोह मात्र होऊ देऊ नका. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच त्यांना मनाई केली आहे, आणि पायी चालणाऱ्याला असा गार्ड जीवघेणा ठरतो. नवीन वायरिंगची चित्रे, फ्यूजचे आकडे आणि पावत्या जपून ठेवाव्यात. गाडीला आग लागल्यास बाहेरून ओढलेल्या वायरीवरच सर्वांत आधी बोट ठेवले जाते, हे मी वारंवार पाहिले आहे.

टायरबद्दल. मूळ माप १४५/८० आर१२ आहे. ऑल्टो के१०ला कारखान्यातून येणारे १५५/६५ आर१३ हे माप घेतले तर टायरचा बाहेरचा व्यास ५३७ मिलिमीटरवरून ५३२वर येतो, म्हणजे फरक एक टक्क्याच्याही आत राहतो आणि मीटरचा वेग जवळजवळ बरोबर दिसतो. पण त्यासाठी रिमही बदलाव्या लागतात, टायरची बाजू बुटकी झाल्यामुळे खड्डे जास्त जाणवतात, आणि आपले अंदाजपत्रक तिथेच संपते. रोज साठ किलोमीटर खराब रस्त्याने जाणाऱ्या गाडीला मी १२ इंचांचेच चांगले नवे टायर सुचवेन. घेताना टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात.

ब्रेकच्या कामाला घरी हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेक ऑइल मात्र दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, आणि गगनबावड्यापुढचा करूळ घाट उतरताना सतत ब्रेक दाबला तर पेडल अचानक पोकळ लागू शकते.

फुलेवाडी ते कळे यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार कामाला लागले, त्यांचा वृत्तांत लिहिते.

सीटबेल्ट ओढून पाहिला, स्टेपनीची खोबण पाहिली. गाळ कुठेही नाही. त्यामुळे मोठी काळजी मिटली. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.० व्होल्ट मिळाले, डाव्या बल्बवर १२.६ आणि उजव्यावर १२.३. म्हणजे उजवीकडे १.७ व्होल्ट हरवत होते. उजव्या दिव्यामागचा अर्थचा बोल्ट उघडला तेव्हा त्याच्याखाली पांढरी-हिरवी भुकटी निघाली. तो घासून बसवल्यावर आणि सिरॅमिकचा होल्डर लावल्यावर तोच आकडा १२.९ झाला. काकांनी सांगितल्याप्रमाणे तिन्ही टोके तपासून, आकडे त्यांना कळवून मग किट घेतले आणि दुसऱ्या रविवारी रिले बसवले. आता दोन्ही बल्बांवर १३.६ आहे. नवे बल्ब, होल्डर, किट आणि वायर मिळून २,१५० रुपये लागले. परवा शाळेतून निघायला सात वाजले. मांडुकलीहून येणाऱ्या ट्रॉल्या नेहमीसारख्याच होत्या, पण या वेळी एक बिनदिव्याची ट्रॉली मला एवढ्या लांबून दिसली की ब्रेकवर पाय न ठेवता, नुसता अॅक्सिलरेटर सोडून वेग उतरवता आला.

दारातून जवळजवळ तांब्याभर पाणी निघाले. गंज आरपार गेलेला नाही. तो घासून प्रायमर दिला आहे, रंग येत्या शनिवारी. टायर १२ इंचांचेच घेणार आहे.

एकच शंका उरली आहे. उजेड वाढल्यामुळे समोरच्यांना त्रास होऊ नये म्हणून झोताची उंची घरी तपासता येईल का?

निवृत्त वायरमन यांचे उत्तर

येते, ताई. सपाट जागेवर, टायरमध्ये दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून, गाडी भिंतीपासून बरोबर १० मीटरवर सरळ उभी करा. ड्रायव्हरच्या सीटवर आपल्या वजनाचे कोणी तरी बसवा, आणि शेजारच्या सीटवरही, कारण आपण रोज दोघी जाता. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ मारा आणि तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी. लो बीमची वरची सपाट कड खालच्या रेघेवर बसली पाहिजे. डावीकडे ती थोडी वर चढलेली दिसेल, ते बरोबर आहे, कारण तो उजेड रस्त्याच्या कडेसाठी असतो. एक दिवा कापडाने झाकून दुसरा तपासा. दिव्याच्या मागे स्क्रू असतो, तो एका वेळी अर्धा आटाच फिरवा. नवे टायर बसवल्यावर हे पुन्हा एकदा करा.